सूचना : चतुर्थीला गावी जाणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे शनिवार, १२ सप्टेंबरच्या गाडीचे तिकीट १४ जुलैला सकाळी ८ वाजता काढावे लागेल. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा सावंतवाडी, कुडाळला पोचायच्या वेळा नीट बघून घ्या.

जे दोन-तीन वर्षे गेले नाहीत, त्यांना खास आग्रह आहे की शक्य असेल तर एक दिवस आधीच पोचा. माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, रानफळा-फुलांनी सजवलेली चौकट. ती बांधायला घरची माणसे रानातून कवंडळे, शेरवड, तेरडा अशी फळे-फुले गोळा करतात. त्यांच्याबरोबर मुलांना पाठवा. ही नावे मुंबईत राहून कळत नाहीत, आणि आपल्या पिढीतच ती विसरली जाऊ लागली आहेत याचे मला फार वाईट वाटते. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास, काळ्या वाटाण्याची आमटी, रात्री उशिरापर्यंत घरोघरी चालणारे भजन आणि बायकांच्या फुगड्या यांसाठी रजा थोडी वाढवून घ्या. परतीच्या वाटेवर सावंतवाडीत वेळ मिळाला तर मोती तलावावर बसा आणि चितारआळीतून एखादे लाकडी खेळणे घ्या. कारागिरांना तेवढाच आधार.

वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची औषधे इथून न्यायची असल्यास ५ सप्टेंबरपर्यंत गटावर कळवा. जो आधी निघेल तो घेऊन जाईल.