प्राध्यापकांचं काम शालीच्या फोटोपाशी संपवू नका

संपादकसाहेब, नमस्कार,

तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर अधूनमधून एक फोटो असतोच, स्टेजवर पाचसहा जण, मधे एक प्राध्यापक शाल पांघरून, हातात नारळ आणि मोमेंटो, खाली ओळ की अमुक सरांना पीएचडी मिळाली किंवा तमुक मॅडमचा पेपर इंटरनॅशनल जर्नलमध्ये आला. बातमी तिथंच संपते. पेपर कशावर होता, त्यात काय सापडलं, काम कुठे बसून केलं, यातलं काही नसतं, सत्कार कुणाच्या हस्ते झाला ते मात्र पदासकट असतं. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या प्राध्यापकांनी जी कामं केलीत ती घरोघरी माहीत व्हावीत अशी आहेत.

मी खारघरला राहतो म्हणून आधी खारघरचंच सांगतो. सेक्टर 22 मधलं टाटाचं अ‍ॅक्ट्रेक सगळ्यांना कॅन्सरचं हॉस्पिटल म्हणून माहीत आहे, रिक्षावाल्याला नुसतं टाटा म्हटलं तरी तो आणून सोडतो. पण 4 जून 2021 ला तिथल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये देशातली पहिली कार-टी सेल थेरपी दिली गेली हे आमच्या सोसायटीत विचारलं तर बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. ही थेरपी आयआयटी बॉम्बेचे प्रा. राहुल पुरवार यांच्या लॅबमध्ये तयार झाली आणि पेशंटवरचं काम टाटाच्या डॉक्टरांनी केलं, म्हणजे दोन्हीकडे शिकवणारी माणसं. यात करतात काय, तर पेशंटच्याच रक्तातून टी सेल म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी काढून घेतात, लॅबमध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यात एक नवीन जीन घालतात, मग त्या पेशीच्या अंगावर असा एक रिसेप्टर तयार होतो जो कॅन्सरच्या पेशीवरची सीडी 19 नावाची खूण ओळखतो, अशा पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि सलाईनसारख्या परत पेशंटच्या शरीरात सोडायच्या. बाहेरून आणलेलं औषध नाही, आपलीच पेशी शिकवून परत पाठवलेली. ऑक्टोबर 2023 मध्ये या थेरपीला सरकारी मान्यता मिळाली, 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईला आयआयटीत आल्या आणि तिचं लोकार्पण झालं, परदेशात या उपचाराला जेवढा पैसा लागतो त्याच्या साधारण दहाव्या भागात इथे होतो, आणि 2025 मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या वैद्यकीय जर्नलमध्ये जे रिझल्ट आले त्यात सुमारे 73 टक्के पेशंटना उपचार लागू पडल्याचं दिसलं. दहावा भाग झाला तरी रक्कम लाखांतच जाते, साध्या घराला झेपणारी नाहीच, तेही लिहिलं पाहिजे. पण ज्यांच्या घरात ल्युकेमिया किंवा लिम्फोमाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, पेशंट आहे त्यांना हे सगळं मराठीत, सावकाश समजावून सांगितलेलं वाचायला मिळालं तर डॉक्टरला काय विचारायचं एवढं तरी कळेल.

दुसरं ठाण्याचं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 ला जाहीर झालं, 1,690 हेक्टर, आणि 2022 ला त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, तेव्हा गुलाबी पक्ष्यांचे फोटो सगळीकडे आले, छानच वाटलं बघून. पण चेंदणीला खाडीच्या काठावरच बांदोडकर सायन्स कॉलेज आहे, तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं या खाडीतला चिखल तपासलाय. हे काम दिसायला अजिबात सुंदर नाही. ओहोटीची वेळ बघून जायचं, ठरलेल्या जागांवरून चिखल उचलायचा, चाळणीतून धुवायचा, वर उरलेले बारीक किडे, शिंपले वेगळे काढायचे, मग मायक्रोस्कोपखाली एकेक ओळखून मोजायचा, आणि हेच परत पुढच्या महिन्यात, पावसाळ्यात सुद्धा. त्यातून कळतं काय, तर जिथे सांडपाणी जास्त आणि पाण्यात ऑक्सिजन कमी तिथे जातींची संख्या घटते आणि घाण सोसणारे दोनचार प्रकारचे किडेच तेवढे माजतात, म्हणजे चिखल बघून पाण्याची तब्येत सांगता येते. खाडी बुजत चाललीय, मासा मिळत नाही असं आपल्याकडचे कोळी बांधव कधीपासून सांगताहेत, अशा आकड्यांची जोड मिळाली तर त्यांचं म्हणणं महापालिकेत जास्त ठामपणे मांडता येईल. या कामावरचे रिसर्च पेपर इंग्रजीत आहेत. कोळीवाड्यात ते कोण वाचणार? त्याची अर्ध्या पानाची मराठी तुम्हीच देऊ शकता.

सायन्सचंच सांगतोय असं नाही. 2024 चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठीसाठी सुधीर रसाळ सरांना ‘विंदांचे गद्यरूप’ या पुस्तकाबद्दल मिळाला, नव्वदी ओलांडलेले गृहस्थ, मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवलेले, आणि विंदा म्हटलं की आपल्याला कविताच आठवते तिथे ते त्यांच्या गद्याकडे वळले. त्याआधी 2022 चा पुरस्कार प्रवीण बांदेकरांच्या कादंबरीला, ते सावंतवाडीला कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. मराठीला अभिजात दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला, त्यासाठी पुरावे गोळा करून 2013 मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष रंगनाथ पठारे, ते संगमनेरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि कादंबऱ्या लिहायचे! असं काही वाचलं की बारावीतल्या मुलाला कळतं ना की सायन्स घेतलं म्हणजे भाषा सुटली असं नसतं.

प्राध्यापक स्वतः का लिहीत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. त्याचं एक कारण सरळ आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांच्या भरती-बढतीच्या 2018 च्या नियमात सायन्सच्या रिसर्च पेपरला 8 गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या पेपरला 10, अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला 8, पण सामान्य लोकांसाठी वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखाचा त्या तक्त्यात रकानाच नाही. मग उत्तरपत्रिका तपासणी, परीक्षा, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली यातून वेळ काढून कोण लिहिणार. आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन, शिकवणाऱ्यांचं तर विचारूच नका, सकाळी एका कॉलेजात लेक्चर, दुपारी लोकल पकडून दुसऱ्या, सुट्टीतले पैसे नाहीत, तरी त्यातले कितीतरी जण पीएचडी करतात, पेपर छापतात, कवितासंग्रह काढतात, आणि सत्काराच्या स्टेजवर त्यांना बहुतेक वेळा बोलावणंच येत नाही. माझी फार इच्छा आहे की तुम्ही लिहाल तेव्हा यांची नावं सुटू नयेत.

म्हणून विनंती अशी की पंधरा दिवसांतून एकदा अर्धं पान द्या. एका वेळी एकच माणूस, एकच काम. काय शोधलं किंवा काय लिहिलं, कसं, आणि त्याचा इथल्या माणसाशी काय संबंध, बस. सत्काराचा फोटो नको, लॅबचा, शेताचा, वहीचा फोटो चालेल. आणि कौतुकासोबत एखादा अवघड प्रश्नही विचारा, कारण पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत आणि तसला पेपर आणि खरं काम यातला फरक वाचकाला कळायला हवा. त्यासाठी त्याच विषयातल्या पण दुसऱ्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाला आधी फोन करून विचारलंत तर पुरे.

विषय शोधायला फिरावंही लागणार नाही. नॅकचं मानांकन असलेलं प्रत्येक कॉलेज दरवर्षी एक अहवाल वेबसाइटवर टाकतं, त्यात त्या वर्षात कुठल्या प्राध्यापकाचे कुठले पेपर आणि पुस्तकं आली त्याची यादी असते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल, एवढ्या कॉलेजांच्या याद्या तुमच्या एका रिपोर्टरने दोन दिवस बसून चाळल्या तर वर्षभराचे विषय निघतील. मुंबई विद्यापीठाचा बाळकुमचा उपपरिसर पण त्यात धरा. पहिला लेख खाडीच्या चिखलावर करा, पावसाळ्याच्या आधी आला तर बरं, तेव्हाच नालेसफाईवर सगळे बोलत असतात.

तुमचा एक नियमित वाचक,
खारघर, नवी मुंबई