निळी वही शोध

प्रिय सद्या,

अकरा महिने झाले. तू मोजले असशीलच, पण मीही मोजलेत. तुझं शेवटचं पत्र टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे, फीलर गेजच्या खाली. त्यावर ग्रीसचा अंगठा उमटलाय, तेव्हा वाचलंच नाही असं म्हणू नकोस. तब्येत ठीक. पाठ आहे तशीच. वहिनींच्या गुडघ्याचं पक्याकडून कळलं, आता चालतात ना नीट?

लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी. ही दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, "मग काय झालं, गाडी चालते ना?"

परवा रात्रभर भुरभुर बर्फ पडला. सकाळी जीप काढली, सरळ रस्त्याने शंभरेक मीटर गेलो आणि खाली उतरून मागे पाहिलं. चाकांचे माग दोन हवेत. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं, त्यामुळे मागच्या टायरने पुढच्याचा ठसा पुसायला हवा. तिथे डाव्या मागाला डावीकडून पुढच्या टायरची एक कडा पुसायची सुटलेली, उजव्या मागालाही डावीकडूनच. टेप लावला तर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. आपली जीप तिरकी चालतेय, सद्या. कुत्रं धावतं तशी.

पहिला संशय तुझ्यासारखाच मलाही सेंटर बोल्टचा आला. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जुडग्याचा सेंटर बोल्ट तुटला की यू-बोल्ट कितीही आवळलेले असोत, एक्सल पाट्यावर सरकतो. सरळ निदान, अर्ध्या दिवसाचं काम. पण बोल्ट शाबूत निघाला. बुशही ठीक, शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी झुलती कडी) हलत नाही. मग पुढची चाकं सरळ करून दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, मोजला. उजवीकडे बरोबर ९१ इंच, म्हणजे २३११ मिलिमीटर. डावीकडे ९ मिलिमीटर कमी. हिशोब जुळतो: साधारण सव्वा मीटर रुंदीच्या एक्सलवर ९ मिमीचा तिरकेपणा म्हणजे ९१ इंच लांबीवर साडेसोळा-सतरा मिमी. बर्फाने मोजलेलं आणि टेपने मोजलेलं एकच निघालं.

मग खाली झोपलो आणि हातोडी घेतली. पाव किलोची, जड नको. जड हातोडी गंजलेल्या लोखंडालाही वाजवते. चासीच्या डाव्या पट्टीवर पुढून मागे ठोकत गेलो. टण्, टण्, टण्, आणि मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरपाशी (पाट्याचं टोक चासीला धरतो तो), जिथे पट्टी दोन्ही बाजूंनी बंद करून पेटी केलेली आहे, तिथे भद्. काळा कोट वरून तुकतुकीत. स्क्रूड्रायव्हर टेकवला, फार जोरही लावला नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. काढला तेव्हा त्याच्याबरोबर ओला, तांबूस, पानांसारखा सुटणारा गंज आला. त्यात थोडी माती आणि तिला मिठाची चव. होय, चाखून पाहिली. हसू नकोस.

आता ते वाक्य लिहितो ज्यासाठी तू आठ वर्षं थांबलायस. चासी गंजू नये म्हणून डांबरी कोट लावायचा हट्ट माझा होता, तू मेण म्हणत होतास, आणि तू बरोबर होतास. हे पान फ्रेम करून लाव. डांबरी कोट थंडीत कडक होतो, खडी उडाली की त्याला केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून खारं पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नसते. कोट पत्र्यापासून सुटतो पण जागचा हलत नाही, वरून सगळं छान दिसतं. मेण मऊ राहतं, ओरखडा पडला तरी थोडं पसरून भरतं, आणि मुख्य म्हणजे खाली काय चाललंय ते दिसतं. मी वर आणखी शहाणपणा केला, गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवली. रस्त्यावरचं मीठ विरघळलं की ते पाणी उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहू शकतं, पण कडक थंडीत गंज हळू चालतो. ओला चिखल रोज रात्री ऊबेत वितळवला की तो जोमाने चालतो. बाहेर थंडीत उभी राहिली असती तर कदाचित वाचली असती.

तर माझी काळजी ही. हँगर सरकलाय का, की तो मुळातच तिथे होता?

पाट्याचं पुढचं टोक हँगरमध्ये पक्कं, मागचं शॅकलवर झुलतं. म्हणजे मागची चाकं गाडी ढकलतात तो सगळा जोर त्या पुढच्या हँगरमधून चासीत जातो. पत्रा सडला की हँगर पुढे ढकलला जाणार, आणि डावा व्हीलबेस कमी भरणार. तसंच भरतंय. पण चासीचे दोन कर्ण मोजले तर फरक ४ मिमी. इतक्याकडे मी एरवी डोळे मिटले असते. तिरकेपणाचे माग नवीन आहेत की आपण याआधी कधी उतरून मागे पाहिलंच नव्हतं? तुला आठवतं, घेतली तेव्हाच मास्तर म्हणाले होते, स्टिअरिंगची दांडी जरा उजवीकडे बसते. आपण म्हटलं, चक्र काढून एक दात फिरवून बसवू. आणि बसवलं! चूक झाकायची इतकी सोपी रीत दुसरी नाही.

हँगर सरकला असेल तर कापून जागेवर ओढून आणायचा. पहिल्यापासूनच तसा असेल आणि मी ९ मिमी मागे आणला, तर एक्सल दुसऱ्या कशाशी तरी भांडेल, प्रॉपेलर शाफ्टशी किंवा शॉकच्या खुंट्यांशी. गंजलेल्या जागेवरून मूळ जागा ओळखता येत नाही. नवा पत्रा जिथे झाळीन, तिथेच गाडी पुढची वीस वर्षं चालणार.

नान्याचं म्हणणं, चासीच बदल, गॅल्वनाइझ केलेली घे. नान्याला बोलायला काय जातं. (हाच नान्या, ज्याने गिअरबॉक्समध्ये जीएल-५, म्हणजे एक्सलचं ऑइल, ओतलं आणि सिंक्रोच्या पितळी रिंगा खाल्ल्यावर "क्लचचा प्रॉब्लेम" म्हणाला.) जस्ताचा गरम मुलामा चांगलाच, आतूनबाहेरून बसतो. पण त्यासाठी बॉडी, इंजिन, ट्रान्स्फर केस, वायरिंग सगळं उतरवायचं, म्हणजे अख्खा हिवाळा. जुनीच चासी दुरुस्त करून जस्तात बुडवावी म्हटलं तर हौदात साडेचारशे अंश तापमान. झाळलेल्या पेटीला हवेची भोकं नसली तर ती फुटते, आणि सांध्यात अडकलेलं तेजाब पुढे महिनोन्महिने झिरपत राहतं. शिवाय नंबर चासीवर ठोकलाय. नवी चासी म्हणजे कागदांचं लचांड, आणि जुना नंबर कापून नव्यावर झाळणं म्हणजे सरळ फसवणूक. आणि खरं सांगू? बाकी काहीही बदललं तरी ती चासी आहे तोवर ती आपली जीप आहे. यावर तू काहीतरी खवचट बोलशील, बोल.

माझा कल कापण्याकडे आहे. बेत असा, चुकत असेल तर आताच ओरड. मापं चाकांवर वजन असताना घ्यायची. मग टाकी उतरवायची. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते. बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर सोडायची. ब्रेकची नळी त्याच अंगाने जाते, ती काढायचीच; या वेळी कॉपर-निकेलची घालतो, ४.७५ मिमी. चासीखाली हँगरच्या पुढे-मागे, दोन्ही पट्ट्यांना, चार स्टँड. डाव्या-उजव्या पट्टीमध्ये ४० बाय ५ चा अँगल आडवा टाके मारून, म्हणजे कापल्यावर पट्टी उघडायला नको. हँगर सरकलेलाच निघाला तर उजवा संदर्भाला धरून दोन्ही हँगरच्या भोकांतून एकच लांब सरळ रॉड ओवायचा, आणि डावा त्या रॉडवरच बसवून झाळायचा.

कापताना लोखंड चमकेपर्यंत कापायचं, "एवढं चालेल" नाही. मूळ पत्रा ३ मिमी, तुकडाही ३ चाच. जाड घातला तर जोर झाळीच्या काठावर गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो. काप उभा सरळ नको, तिरका, कोपरे गोल. तुकडा वर चढवून नाही, काठाला काठ, मध्ये दीड मिमीची फट. बाहेरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी, १० मिमीच्या भोकांतून झाळलेली. शून्याखाली वेल्डिंग करायचं तर आधी टॉर्च फिरवून लोखंड हाताला ऊब लागेल इतकं तापवायचं. थंड पत्र्यावर ओल धरते, झाळीत बुडबुडे राहतात, आणि झाळ झटकन थंड होऊन ठिसूळ होते. एका वेळी इंचभर, मग दुसऱ्या टोकाला. शेवटी खाली १० मिमीची निचऱ्याची दोन भोकं, एपॉक्सी प्रायमर (हा मात्र गरम गॅरेजमध्येच, १० अंशांखाली बरेचसे नीट वाळत नाहीत), आणि आत चहूबाजूंना उडवणाऱ्या नळीने मेण. डबा आधी गरम पाण्यात ठेवून. मेण वेल्डिंगनंतर, आधी नाही, नाहीतर चासीच्या आत शेकोटी.

आणि हो, हे वाचताना तुझ्या डोक्यात आलं असेलच, "हँगर नवा करतोच आहेस तर दोन इंच खाली घे, उंची मिळेल." नाही. चार इंची लिफ्टवरून आपण एकदा तीन महिने अबोला धरलाय, तेवढा पुरे. लांब हँगर म्हणजे लांब तरफ, आणि ती नेमकी सडलेल्या जागी. शिवाय पिनियनचा कोन बिघडून प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) खाल्ले जातात. दोन इंच उंच पाटे आहेत, तेवढे पुष्कळ. बर्फात अरुंद टायर जास्त कामाचे, खाली घट्ट जमिनीपर्यंत पोचतात.

तुझ्या गाडीचं राहिलंच. विचारून अकरा महिने झाले, पण नोकरी बदलून तू खरंच थंडीत जातोयस म्हणून घाईत लिहितो. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० असेल तर उणे वीसच्या खाली सेल (स्टार्टर) नीट फिरत नाही, ५डब्ल्यू-४० घाल. कुलंट अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल, उणे ३७ पर्यंत चालतं. जास्त घातलं की जास्त चांगलं असं नाही, नुसतं ग्लायकॉल उणे १३ ला गोठतं. बॅटरी उणे १८ ला अर्ध्यावर येते, आणि उतरलेली बॅटरी चक्क गोठून फुटते. हीटर प्लग एकेक काढून मीटर लाव. ओहमच्या आसपास असेल तर जिवंत, अनंत दाखवलं तर मेला. चारात एक मेला तरी सकाळी पांढरा धूर आणि शिव्या. चालू होऊन पाच मिनिटांनी बंद पडली तर पंपाला हात लावू नकोस, डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये साचलंय. हिवाळी डिझेल भर, आणि थंडी यायच्या आधी फिल्टरच्या तळाचं पाणी काढ. केरोसिन मिसळायला कुणी सांगेल. त्याने पंपाचं वंगण कमी होतं, जुन्या पंपाला जपून. दोन्ही एक्सलचे ब्रीदर (हवा ये-जा करायची तोटी) रबरी नळी लावून बॉनेटपर्यंत वर आण. गरम एक्सल बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल कॉफीसारखं दिसलं तर समज झालं. कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावून वळू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही, पण पक्याला होती.

चिमीची दहावी यंदाच ना? मार्क कळव.

आता मुख्य काम. ज्या दिवशी मागचा एक्सल बसवला, त्या दिवशी तू जमिनीवर ओळंबा सोडून खडूने खुणा करत होतास आणि मी चहा निवतोय म्हणून ओरडत होतो. डावा-उजवा व्हीलबेस आणि चासीचे कर्ण तू त्या निळ्या वहीत लिहून घेतलेस. मी तुला "सर्व्हेअर" म्हणून चिडवलं होतं. ती वही फेकली नसशील. तू काही फेकत नाहीस, माझा १९ चा पानासुद्धा तुझ्याकडेच आहे.

डावा त्या दिवशीही आठ-नऊ मिमीने कमी असेल, तर हँगर आहे तिथेच झाळतो आणि तिरकी तर तिरकी. फरक एक-दोनचा असेल तर तो सरकलाय, ओढून आणतो. आणि कर्णांत तेव्हा शून्य फरक लिहिला असशील, तर चासीच वळलीय. मग नान्याला फोन करावा लागेल, आणि ते सुख मला त्याला द्यायचं नाही.

पानाचा फोटो पाठव, तुझ्या कोंबडीच्या पायांसकट, मी वाचीन. तोवर ग्राइंडरची वायर काढून ठेवलीय.

तुझा,
बंड्या