आई-बाबा, कॅन मागवलाय

प्रिय आई-बाबा,

शनिवारी लॅबचा माणूस बाबांची चोवीस तासांची लघवी जमवायला पाच लिटरचा कॅन घेऊन येईल. पैसे भरलेत, त्यामुळे बाबा, त्याला दारातून परत पाठवू नका. न विचारता ठरवलं, खरंय. पण विचारलं असतं तर ‘क्रिएटिनिन १.२ आहे, नॉर्मल आहे’ म्हणत तुम्ही फोन आईकडे दिला असता.

मला त्या १.२चीच धास्ती वाटते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा कचरा, तो किडनी बाहेर टाकते, आणि ज्या दंडाला मी लोंबकळायचे तो आता माझ्या मुठीत मावतो. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिनही कमी तयार होणार, मग किडनी मंदावली तरी रक्तातला आकडा साळसूद दिसतो. रिपोर्टखालचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडासुद्धा, त्याच क्रिएटिनिनवरून, वय बघून बांधलेला अंदाज. म्हणून चोवीस तासांची लघवी. दिवसभरात बाहेर पडलेलं क्रिएटिनिन भागिले रक्तातलं प्रमाण, की मिनिटाला किती रक्तद्रव साफ होतो ते कळतं. समजा दीड लिटरात ९०० मिलिग्रॅम निघालं, तर १.२ असूनही उत्तर ५२ मिलिलिटरच येतं. तरुणपणी ते शंभराच्या वर असतं. घाबरू नका हं, वयानुसार ते उतरतंच. फक्त मेटफॉर्मिनचा, म्हणजे तुमच्या डायबिटीसच्या गोळीचा डोस या आकड्यावर ठरतो. अप्पाकाकांचं कुणी मोजलंच नव्हतं.

आता नीट ऐका. रविवारी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा, आणि सोमवारी त्याच वेळेची शेवटची. एक जरी वाया गेली तरी आकडा उगाच कमी येईल. रविवारी कुठेही जायचं नाही, देशपांड्यांकडे पत्ते खेळायलासुद्धा. मटण शनिवारपासून बंद. शिजलेल्या मांसाने रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. पाणी नेहमीसारखंच प्या, मुद्दाम तांब्यावर तांब्या रिचवू नका.

आई, कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा नाहीये, तू आधीच सुस्कारा सोडू नकोस. बाथरूममध्ये बादलीत बर्फ घालून त्यात ठेव. रात्री पॅसेजमधला दिवा चालू राहू दे, बाबांना अंधारात धडपडायला नको. चहा दोनदा मिळेल, साखरेशिवाय.

आणि बाबा, कपाटातली गुडघ्याची गोळी मला माहितीये. तसल्या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो. डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती आईच्या ताब्यात. गुडघा फार दुखला तर शेक द्या आणि मला सांगा, रात्री दोन वाजता असलं तरी.

सोमवारी कॅन आणि रक्त दोन्ही गेलं की फोन करा. आई, तूच कर. बाबा नुसतं ‘सगळं झालं’ म्हणतील.

तुमची,
छकुली