ताई, तुमच्या त्या थांबण्यासाठी थँक्यू

ताई, नमस्कार,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय, माझं कामच आहे ते" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

लालबागला आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीत तुमची बालवाडी भरते. लेक तुमच्याकडे आला तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि आई, पाणी, नको, एवढंच बोलायचा. कोणी म्हणे मुलगे उशिराच बोलतात, कोणी म्हणे वेखंड उगाळून चाटव. तुम्ही सांगितलंत की आधी कान तपासून घ्या, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे तिकडे जा, गाणी काय आपण शिकवूच पण पोराला ऐकू नीट येतंय ना ते आधी कळू दे. कान नीट निघाले, पण त्या एका वाक्यासाठी पहिला थँक्यू.

आणि मग ते तुमचं थांबणं. तुम्ही टाळ्या वाजवत बडबडगीत म्हणता आणि ओळीचा शेवटचा शब्द आला की गप्प, भुवया वर करून पोरांकडे बघत बसता. मला दारात उभं राहून वाटायचं अहो म्हणा आता, पण तुम्ही म्हणायचा नाहीत. एकदा सगळी पोरं गप्प असताना हा एकटा "भूर्र" म्हणाला! तुम्ही मला नंतर जिन्यात समजावलंत की चालीमुळे शब्द कधी येणार ते पोराला आधीच कळतं, यमकामुळे कुठला येणार त्याचा अंदाज येतो, मग त्याने फक्त तो तोंडाबाहेर काढायचा असतो. पुढे वाचायला शिकताना शब्दातले आवाज सुटे ऐकू यावे लागतात, त्याचीही तयारी यमकातच होते म्हणालात. इतकं सोपं करून मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग मीही शोधून वाचायला लागले. २०१६ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला ९ महिन्यांच्या बाळांवर एक अभ्यास झाला, आईबाबांच्या मदतीने बाळांना तीनच्या ठेक्यात वाजवायला लावलं, १५-१५ मिनिटं, महिन्याभरात १२ वेळा, बाकीची बाळं नुसती खेळण्यांशी खेळली. नंतर ठेका मध्येच मोडला तर ठेकेवाल्या बाळांच्या मेंदूने ते जास्त ठळक पकडलं, आणि बोलण्यातला ताल मोडला तरी पकडलं. वाचून मला तुमच्या डब्यावरच्या काठ्याच आठवल्या, तेच तर करता तुम्ही रोज.

आमच्या नात्यात एकजण मोझार्ट लावा, बुद्धी वाढते असं सांगत होते. ते मूळ संशोधन १९९३ चं, आणि ते बाळांवर नव्हतंच, कॉलेजच्या मुलांवर होतं, आणि एका प्रकारच्या कोड्यांमध्ये जो फायदा दिसला तो जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला. स्पीकरवरचं गाणं ऐकायला छानच असतं, आमच्याकडेही लागतं, पण स्पीकर काही पोराच्या तोंडाकडे बघून थांबत नाही ना ताई. माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

अजून एक, पोरं तुमच्याकडे गोल करून गातात, एक काठी दोघांत वाटून घेतात, त्यामुळे आमचा हा दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबायला शिकला. जर्मनीत ४ वर्षांच्या मुलांवर २०१० मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, एकत्र गाऊन नाचून खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. तुम्हाला हे काही नवीन नसणार.

आता लेक चार वर्षांचा आहे, दिवसभर तोंड चालू असतं. यंदा चाळीच्या गणपतीत आरतीला झांज वाजवायला उभा राहिला, शेजारच्या काकांचा ठेका पुढे पळायला लागला तर त्यांच्याकडे मान वर करून बघत होता, हात मात्र स्वतःच्याच लयीत.

तर ताई, मंडळाशी बोलून ठेवलंय. बालवाडीसाठी दोन छोट्या डफल्या, झांजांचे चार जोड आणि एक लहान ढोलकी घ्यायची ठरलीये. पोरांच्या हातात कुठल्या मापाच्या बसतील ते तुम्हीच बघायला हव्यात, तेव्हा रविवारी सकाळी माझ्याबरोबर दुकानात चला, आणि "कशाला एवढं" अजिबात म्हणू नका.

तुमची,
दारात उभी राहणारी आई