बलूनचा तो विक्रम ठाण्यात कुणाला आठवतोय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला २००८ ची ती रात्र आठवते, आणि आठवायलाच हवी. पण त्याच्या बरोबर तीन वर्षं आधी, २६ नोव्हेंबर २००५ ला, महालक्ष्मी रेसकोर्सवरून एक हॉट एअर बलून वर गेला होता आणि २१,०२७ मीटरपर्यंत म्हणजे जवळजवळ ६९ हजार फुटांवर पोचला होता, हा विषय आता कुणी काढतच नाही. गरम हवेच्या बलूनमधून इतक्या उंच त्याआधी कुणीच गेलं नव्हतं, आणि वीस वर्षं होऊन गेली तरी तो आकडा टिकून आहे. आत होते विजयपत सिंघानिया, वय ६७. आपल्या ठाण्याच्या रेमंडचे! पोखरण रोडच्या त्या कंपनीत ठाण्यातल्या कितीतरी घरांतली माणसं शिफ्टला जायची, आता तिथे टॉवर उभे राहिलेत, आणि तिथे राहायला आलेल्या पोरांना हे माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोकांना वाटतं त्यात काय एवढं, गॅस भरला की फुगा जातो वर. तसं नाहीये ते. जत्रेतल्या फुग्यात हलका गॅस असतो, यात आपली साधी हवाच असते, फक्त तापवलेली. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, ती १०० अंशापर्यंत तापवली की होतं साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फरक फक्त पाव किलोचा आणि सगळा खेळ त्या पाव किलोवर, म्हणून तर चार-पाच माणसं न्यायला सुद्धा अडीच-तीन हजार घनमीटरचा बलून लागतो. आता २१ किलोमीटरवर हवाच मुळात जमिनीवरच्या सोळाव्या हिश्शाइतकी, मग उचलायची ताकद आणायची कुठून? म्हणून सिंघानियांचा बलून १६० फूट उंच होता आणि नेहमीच्या वेताच्या टोपलीऐवजी त्याला हवेचा दाब राखणारी बंद केबिन होती. कळसूबाई १६४६ मीटर. तशी बारा-तेरा शिखरं एकावर एक ठेवा म्हणजे अंदाज येईल.

गरम हवेच्या बलूनची सुरुवातही एका कारखानदाराच्या घरातलीच आहे. फ्रान्समधले माँगोल्फिए बंधू, घरचा धंदा कागदाचा. १७८३ च्या जूनमध्ये त्यांनी आपल्या गावात बलून उडवून दाखवला, सप्टेंबरमध्ये व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवला, आणि २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसं पॅरिसवरून पंचवीसेक मिनिटं मोकळी उडाली. गंमत म्हणजे हे भाऊ गवत आणि लोकर जाळायचे कारण त्यांना वाटायचं की धूरच उचलतो! पुढे दहाच दिवसांत हायड्रोजनचा बलून माणसं घेऊन उडाला आणि गरम हवेचा मागे पडला तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षं. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एड योस्टने नायलॉनचं कापड आणि प्रोपेनचा बर्नर वापरून उड्डाण केलं तेव्हा कुठे आजचा बलून सुरू झाला.

मी स्वतः लोणावळ्याजवळ एकदा बसलोय. बलून वाऱ्याबरोबरच जातो त्यामुळे टोपलीत वारा लागतच नाही, बर्नर बंद असला की खालच्या वाडीतली कुत्री सुद्धा ऐकू येतात. डावीउजवीकडे वळवता येत नाही, वर-खाली करून हव्या त्या दिशेचा वारा शोधायचा एवढंच पायलटच्या हातात, आणि तेही सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. एवढा कमी ताबा असूनही भीती वाटत नाही, उलट मन एकदम शांत होतं, ते काय असतं हे मला नीट लिहिता येत नाहीये.

ठाण्यात बलून सुरू करा असं मी म्हणत नाही. टॉवर, विजेच्या तारा, खाडी, एका बाजूला मुंबईचं विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला नवी मुंबईचं, उतरणार कुठे? पण उपवनला किंवा पोखरण रोडवर एक चांगला मोठा फलक लावायला काय हरकत आहे, चित्रासकट, बलून कसा उडतो हे पण त्यावर असावं. महापालिकेने मनावर घ्यावं. आणि शाळांनी २६ नोव्हेंबरला हलकी पिशवी आणि हेअर ड्रायर घेऊन मुलांना एवढं तरी करून दाखवावं, पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्हालाही एक विनंती. तो बलून सिन्नर तालुक्यात पांचाळे इथे उतरला होता. तुमच्या नाशिकच्या वार्ताहरांना एकदा तिथे पाठवा, तेव्हा शाळेत असलेली मुलं आता तिशीत असतील, ज्यांनी तो उतरताना पाहिला त्यांच्या आठवणी आत्ताच घेतल्या तर मिळतील, आणि येत्या २६ नोव्हेंबरच्या अंकात अर्धा कॉलम त्यासाठी ठेवा.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे पश्चिम