लिलावाआधी एका बेंचपुरते लाकूड शाळेला ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवावे आणि स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे. धोरणात उदाहरणादाखल जे कारागीर दिले आहेत, त्यांत सुतार पहिला आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मुलांना रांगेने कुठेतरी नेतात, फोटो काढतात आणि अहवाल जातो. या दहा दिवसांत मुलांनी हातहत्यारांनी एक सुतारी बेंच, म्हणजे लाकूडकाम करायचे जड टेबल, करावा आणि तो शाळेतच राहावा, अशी माझी सूचना आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुढे शिरोलीच्या फौंड्रींमध्ये पॅटर्न मेकर होतो. ओतकामाआधी त्या भागाचा लाकडी नमुना करणे हे आमचे काम. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आटते, म्हणून भाग १०० मि.मी.चा हवा असेल तर नमुना १०१ मि.मी.चा करावा लागतो. इतकी बारीक नजर रंधा आणि पटाशीने (लाकडाच्या छिन्नीने) सांभाळायची तर खाली बेंच जड आणि ठाम लागतो. बेंच हलला की पटाशी भरकटते. आता नमुने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर होतात आणि चांगले होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलाच्या हाताला आणि नजरेला वळण लावायला यंत्र कामाचे नाही.

आपले सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून, पायाच्या पंजात लाकूड धरून काम करत आले, मग बेंच कशाला, असे कोणी विचारेल. ती बैठक लहानपणापासून अंगात मुरलेली असते. तिचा मला फार आदर आहे. पण पहिल्यांदाच पटाशी हातात घेणाऱ्या वर्गभर मुलांना पायाच्या बोटांशेजारी धार चालवायला लावणे बरोबर नाही. बेंचवर लाकूड शेगडा (आवळून धरणारा पकड-साचा) धरतो, नाहीतर ठेपा (फळीवरचा अडसर) अडवतो, आणि दोन्ही हात धारेच्या मागे राहतात. पालकांना हत्याराची भीती वाटते, ती रास्त आहे. मात्र धार बोथट असली की जोर जास्त लागतो, हत्यार निसटते आणि इजा होते. म्हणून पहिला दिवस लाकडाला हात न लावता निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाती घासण्यात घालवावा.

बेंचचे माप साधे आहे. लांबी सहा फूट, रुंदी पावणेदोन फूट, वरची फळी तीन इंच जाड, पाय चार बाय चार इंचांचे, आणि या वयाच्या मुलांसाठी उंची २८ इंचांच्या आसपास. एवढ्याला साडेचार-पाच घनफूट साग लागतो आणि तयार बेंच ८०-९० किलोंचा भरतो. पुढच्या दोन पायांची बाहेरची बाजू वरच्या फळीच्या कडेशी एका रेषेत हवी, म्हणजे लांब फळी उभी टेकवून तिची कड रंधता येते. हे फर्निचरच्या दुकानातल्या टेबलात मिळत नाही.

खरी मजा सांध्यात आहे. पायातल्या खाचेच्या दोन्ही भिंतींतून खुंटीसाठी आरपार भोक आधी पाडायचे. मग दोन पाय जोडणाऱ्या आडव्या पट्टीचे कुसू (टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवून त्यावर भोकाची खूण घ्यायची, कुसू बाहेर काढायचे आणि त्यातले भोक खुणेपासून दीड मिलिमीटर मुळाकडे सरकवून पाडायचे. दोन्ही भोके जुळत नाहीत, आणि जुळू द्यायचीही नाहीत. बाभळीची निमुळती खुंटी मोगरीने ठोकत गेले की ती कुसू आत ओढते आणि केसभर राहिलेली फट डोळ्यांदेखत मिटते. सरस नाही, खिळा नाही. भूमिती आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी त्या वेळी तिथे जरूर उभे राहावे. वरच्या फळीला पीळ आहे का, हे दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून, वाकून एका नजरेत पाहायचे असते. ते मुलांना शिक्षकांपेक्षा लवकर जमते.

लाकूड मात्र महाग आहे, आणि माझी मुख्य मागणी त्याविषयीच आहे. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळा दुरुस्तीला किंवा पाडायला निघतात, तेव्हा त्यांच्या सागवानी तुळया आणि वासे निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, लिलावात काढले जातात. इतकी वर्षे वाळलेले लाकूड आता फारसे आटत-फुगत नाही. बेंचला याहून चांगले लाकूड विकत मिळणार नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत तर जुने सुतारकामाचे बेंचसुद्धा भंगारात गेले. वर्ध्याला १९३७ साली हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. त्या महाराष्ट्रात असे घडावे, याचे फार वाईट वाटते.

म्हणून शिक्षण विभागाने आणि जिल्हा परिषदेने असा आदेश काढावा, की लिलावाआधी प्रत्येक ठिकाणच्या लाकडातून पाच घनफूट साग त्या शाळेसाठी बाजूला ठेवावा. लाकडातले खिळे चुंबक फिरवून शोधून आधी उपसावेत, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच फेरीत जाईल. गावातल्या सुताराला त्या दहा दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी, त्याला पाहुणा म्हणून नारळावर बोळवू नये.

करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ज्या शाळेची तयारी असेल, तिथे मी आणि माझे जुने सहकारी मोबदला न घेता येऊ. हत्यारे आमची आणू. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर, कोल्हापूर