समुद्राचा नकाशा आधी, परवाने नंतर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोंदिया जिल्ह्यातल्या धान पिकवणाऱ्याने समुद्राविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क असला की काय होते, हे आम्ही माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातील गावतलावांच्या, बांधावर पाहत आलो आहोत. धानाला शेवटचे पाणी हवे असते, तेव्हाच ढिवर (मासेमार) बांधवांच्या मासोळीसाठी तलावात पाणी उरावे लागते, आणि गावाचा निस्तार, म्हणजे रोजचा घरगुती व गुराढोरांचा वापर, वेगळाच. एका वर्षी आमच्या गावात कोणालाही न विचारता तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याचे दार, उघडले गेले. धान तरले, पण ढिवरांनी पैसे घालून सोडलेले मत्स्यबीज गेले. तेव्हापासून किती पाणी राखायचे, हे हंगामाआधी सर्वांना बसवून ठरते.

समुद्रात मात्र असे बसणेच होत नाही. १२ सागरी मैलांच्या आतील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडची केंद्राच्या. मोठी बंदरे आणि खनिज तेलही केंद्राकडे. प्रत्येक खाते आपापल्या कामापुरती परवानगी देते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव टाकायचा आहे. बंदरे नकोत, असे मी म्हणणार नाही, कारण विदर्भाचा कापूस बंदरांतूनही परदेशी जातो. परंतु जाळी लावण्याच्या पिढीजात जागा, माशांच्या विणीची ठिकाणे आणि जहाजांचे मार्ग एकाच नकाशावर आधी उतरवले, तर कोणाचे किती जाणार हे मंजुरीपूर्वीच दिसेल, आणि पर्यायी जागेचा विचारही वेळेत होईल.

हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानाचे विभाग पाडून २००४ पासून जवळपास एक तृतीयांश क्षेत्रात मासेमारी बंद केली. उरलेल्या भागांत कोठे काय चालेल, हेही ठरवून दिले. आपल्याकडे नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे असे सागरी नियोजन हाती घेतले गेले. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणजे काळाची वाटणी आपण केलीच आहे. जागेची वाटणी राहिली आहे.

राज्य शासनाने हे काम आता हाती घ्यावे, त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना मताचा अधिकार द्यावा आणि मसुदा मराठीत काढून प्रत्येक कोळीवाड्यात वाचून दाखवावा. तोवर किनाऱ्यालगतच्या पाण्यात नव्या मोठ्या प्रकल्पाला परवानगी देऊ नये.

आपला विश्वासू,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया